‘बाप्तिस्मा’ हा शब्द भाषांतराविना का राहिला? : पार्श्वभूमी

मराठी बायबलमध्ये विश्वास, तारण, पुनरुत्थान, पवित्र आत्मा हे सगळे शब्द आपल्या ओळखीच्या घडणीचे आहेत. ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाच्या पाण्याच्या संस्काराचे नाव, बाप्तिस्मा, तेवढे ग्रीक राहिले. त्याचा अर्थ शब्दातून कळत नाही, संस्कार पाहून कळतो. म्हणूनच रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायापाशी वाचक अडखळतो. बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि तो जसा मेलेल्यांतून उठला तसे आपणही नव्या जीवनात चालावे, असे प्रेषित पौल तिथे सांगतो. कपाळावरच्या पाण्याच्या थेंबांचा पुरण्याशी काय संबंध, हा प्रश्न मग उरतोच.

मूळ ग्रीक क्रियापदाचा साधा अर्थ बुडवणे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कुष्ठरोगी नामान यार्देन नदीत सात बुड्या मारतो, तिथे हेच क्रियापद आहे. पाण्याखाली जाणे म्हणजे कबर आणि वर येणे म्हणजे उठणे, हे चित्र या शब्दाच्या पोटातच आहे. मात्र मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात पेले नि घागरी धुण्यासाठीही याच धातूचा शब्द येतो. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीतल्या शिकवणुकीच्या एका पुस्तिकेत सूट आहे : वाहते पाणी उत्तम, ते नसेल तर दुसरे, आणि तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. म्हणजे शिंपडणाऱ्यांची बाजू अगदीच निराधार नाही.

विश्वास आधी की पाणी आधी, हा वाद याच्याइतकाच जुना आहे. ‘जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो’ हे मार्काच्या शेवटच्या अध्यायातले वचन नेहमी पुढे केले जाते. पण चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत त्या अध्यायाच्या नवव्या वचनापासूनचा भागच नाही. 1525 मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी बालपणीचा बाप्तिस्मा नाकारून प्रौढपणी पुन्हा घेतला. दोन वर्षांत त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याला तिथल्याच नदीत बुडवून मारण्यात आले.

आपल्याकडची गाठ मात्र बंगालात पडली. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला आलेले इंग्रज मिशनरी प्रौढांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचे होते. 1800 च्या डिसेंबरात त्यांनी एका बंगाली सुताराला हुगळीत बाप्तिस्मा दिला आणि पुढच्याच वर्षी बंगाली नवा करार छापला. मराठी नवा करारही 1811 मध्ये त्यांच्याच छापखान्यातून आला. बंगालीत त्यांनी आणि त्यांच्या वारसांनी बुडवणे याच अर्थाचा शब्द योजला. पैसा पुष्कळसा लंडनच्या एका बायबल-प्रसारक संस्थेकडून येई. ती सर्व प्रोटेस्टंट पंथांच्या वर्गणीवर चाले आणि त्यांतले बहुतेक पंथ बाळांना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत.

1830 च्या दशकात या संस्थेने अट घातली : शब्द ग्रीकच ठेवा, नाहीतर इतर पंथांना खटकणार नाही असा प्रतिशब्द द्या. बुडवणाऱ्या शब्दाला मदत मिळणार नाही. अमेरिकेतल्या तशाच संस्थेने 1836 मध्ये ठराव केला, की प्रचलित इंग्रजी बायबलच्या तत्त्वाशी जुळणाऱ्या भाषांतरांनाच साहाय्य मिळेल. बर्मी भाषांतरातही बुडवण्याचाच शब्द होता, त्यालाही हा ठराव नडला. दुखावलेल्यांनी त्याच वर्षी अमेरिकेत आणि 1840 मध्ये इंग्लंडमध्ये वेगळ्या संस्था काढल्या.

या निर्णयामागची अडचण खरी होती. एकाच पुस्तकावर दहा पंथांना चालायचे असेल, तर एका पंथाची बाजू घेणारा शब्द इतरांना कसा चालेल? 1611 च्या इंग्रजी बायबलच्या भाषांतरकारांनाही जुने चर्चचे शब्द तसेच ठेवण्याची सूचना होती. तरीही मला हा निर्णय चुकलेला वाटतो. ग्रीक शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न बाजूला पडला. वर्गणीदारांत भांडण होऊ नये, हाच निकष ठरला. आणि त्याची किंमत इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकाने मोजली, कारण त्याच्या हाती कबरीचे चित्र पुसलेला शब्द आला.

मुंबईत हा वाद तसा पेटला नाही. 1813 पासून इथे काम करणारे अमेरिकन मिशनरी बालबाप्तिस्मा मानणारे होते. त्यांचा मराठी नवा करार 1826 चा. बाप्तिस्मा हा शब्द रुळला तो अशा वातावरणात. वसईच्या कॅथलिकांनी मात्र स्नानसंस्कार हा शब्द धरला आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. मराठी घरात स्नानाचे मरणाशी नाते आहेच : स्मशानातून आल्यावर आंघोळ करतात, संबंध तोडलेल्या माणसाच्या नावाने आंघोळ करतात. जातीबाहेर गेलेल्याचे घटश्राद्ध, म्हणजे तो मेला असे मानून जिवंतपणीच श्राद्ध, घालण्याचीही रीत होती. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणारा घरच्यांच्या लेखी खरोखर मरत असे. मनातला विश्वास एक वेळ चालून जाई, चारचौघांत घेतलेले पाणी नाही. मुंबईत 1839 मध्ये दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्याचे प्रकरण कोर्टापर्यंत गेले. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडू नये असा कायदा 1850 मध्ये झाला. पौलाने लिहिलेले पुरले जाणे शब्दात दिसले नाही, तरी त्या लोकांच्या आयुष्यात ते घडत होते.

पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात उत्तर भारतातले सहा प्रोटेस्टंट प्रवाह एका चर्चमध्ये मिळाले. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि प्रौढांना बुडवणारेही. दोन्ही रीती पर्याय म्हणून मान्य झाल्या. त्यातून लंडनच्या अटीला न सुटलेला प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला : बाळपणी पाणी शिंपडलेल्याने मोठेपणी, आता माझा विश्वास आहे, मला बुडवा, असे म्हटले तर? तो दुसरा बाप्तिस्मा ठरेल की पहिलाच? गावोगावच्या पाळकांसमोर हा प्रश्न अजूनही येतो, बहुधा इस्टरच्या आसपास.