स्मृतिभ्रंशातील मेंदूलहरी

मेंदूतील चेतापेशींचा क्रमाक्रमाने ऱ्हास होऊन येणाऱ्या स्मृतिभ्रंशात मेंदूच्या विद्युत लहरींची गती मंदावते. ही गती ईईजी या, डोक्यावर इलेक्ट्रोड (विद्युत टिपणाऱ्या चकत्या) लावून काढलेल्या आलेखाने मोजतात. रिचर्ड केटन यांनी प्राण्यांच्या मेंदूतील विद्युतप्रवाहाची नोंद १८७५ मध्ये प्रसिद्ध केली. माणसाचा पहिला आलेख हान्स बर्गर यांचा. त्याचे साल बहुधा १९२४ देतात. निबंध छापला गेला १९२९ मध्ये, त्यामुळे काही ग्रंथांत तेच साल आढळते.

डोळे मिटून जागा पडलेल्या निरोगी वृद्धाच्या डोक्याच्या मागील भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लय दिसते. नुसत्या वयामुळे ती ८ च्या खाली उतरत नाही. अल्झायमरमध्ये प्रथम थीटा लहरी (४ ते ८) वाढतात, मग अल्फा घटते. डेल्टा (४ हून कमी) उशिरा येतात. आरंभी आलेख प्राकृत असू शकतो. ल्यूई बॉडी स्मृतिभ्रंशात (यात चेतापेशींत प्रथिनाचे गोळे साचतात) मात्र लय लवकरच ८ च्या खाली येते आणि त्याच आलेखात खालीवर होत राहते. लक्षणेही तशीच हेलकावतात: सकाळी हिशेब नीट सांगणारे आजोबा दुपारी शून्यात बघत बसतात, घरात नसलेली मुले त्यांना दिसतात, झोपेत ते हातपाय झाडतात. या प्रकाराच्या निदानाच्या २०१७ च्या निकषांत ही मंद, बदलती लय पूरक पुरावा म्हणून आहे. हे निदान महत्त्वाचे, कारण भास थांबवण्यासाठी दिलेल्या हॅलोपेरिडॉलने असा रुग्ण अचानक ताठरू शकतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात (मेंदूचा पुढचा व कानशिलाकडचा भाग झिजतो) वागणे बिघडते, पण अल्फा बराच काळ टिकते.

मंदपणाच्या कारणाबद्दल दोन मते आहेत. एका मताने मेंदूच्या तळाशी असलेल्या मायनर्ट केंद्रकातील पेशी मरून ॲसिटिलकोलीन हे चेतापेशींमधील संदेशवाहक रसायन घटते. दुसऱ्या मताने थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागातील संदेश पुढे पाठवणारे केंद्र) व मेंदूचे बाह्यक यांमधील जोडण्या तुटतात. ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखणाऱ्या ॲट्रोपीनने निरोगी माणसाच्याही लहरी मंदावतात आणि ते वाढवणाऱ्या डोनेपेझिलने काही रुग्णांत गती थोडी सुधारते, हे पाहता पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

सोलापुरात मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही घरच्या भाषा. पूर्व भागातील तेलुगू बोलणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या विणकर आजींना स्मृतीच्या चाचणीत मराठीतून ‘शंभरातून सात वजा करत जा’ म्हटले, तर पडणारे गुण स्मृतीचे नसतात. ईईजीला भाषा वा शिक्षण लागत नाही, हा तिचा इथला खरा उपयोग.

तिचे दोष मात्र वेगळे. आदल्या रात्री केस धुऊन यावे. खोबरेल तेल असल्यास इलेक्ट्रोडचा रोध ५ किलोओहमच्या खाली येत नाही. अशा वेळी जागा घासून पुन्हा पेस्ट लावावी. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कपाळाला घाम फुटला की सेकंदाला अर्ध्या आवर्तनाहून संथ हेलकावे येतात आणि घाईत ते डेल्टा म्हणून वाचले जातात. खोली थंड करून, कपाळ पुसून तो भाग पुन्हा घ्यावा. पंखा, कूलरमुळे घरगुती विजेच्या ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची) किनार येते. सर्वांत फसवी ती डुलकी: झोप येताच थीटा वाढते, म्हणून २० ते ३० मिनिटांच्या नोंदीत रुग्णाला अधूनमधून नाव विचारून जागे ठेवतात. सोडियम कमी होणे, यकृत वा मूत्रपिंडाचा विकार, थायरॉईडची कमतरता यांतही असाच मंद आलेख येतो; रक्ततपासणीवाचून निष्कर्ष काढू नये.