पावडर कोटिंगचा मोठा ओव्हन आणि पीएमईजीपीचा अर्ज: आधी ओव्हन कागदावर पक्का करा

पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूवर रंगाची कोरडी पावडर मारून ती ओव्हनमध्ये भाजून पक्की करायचं युनिट टाकायचंय, मोठा ओव्हन घ्यायचाय, पीएमईजीपीमधून, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून सबसिडी मिळेल का, असं विचारणारे बरेच जण भेटतात आणि प्रत्येकजण सुरुवात करतो ती फॉर्मपासून. माझं म्हणणं एवढंच की फॉर्मला हात लावायच्या आधी ओव्हन ठरवा. आतलं माप किती, किलोवॅट किती आणि चालणार कशावर, वीज की गॅस. हे तीन आकडे पुढे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, कोटेशनमध्ये, महावितरणच्या अर्जात, प्रदूषण मंडळाच्या संमतीत सगळीकडे लागतात आणि एकीकडे एक, दुसरीकडे दुसरं असलं की फाईल परत येते. माझी आली होती. रिपोर्टमध्ये ओव्हन ३६ किलोवॅटचा, सप्लायरने किंमत कमी दिसावी म्हणून कोटेशन दिलं २४ किलोवॅटचं, आणि विजेच्या अर्जात मी अंदाजाने २० एचपी लिहिलेलं. बँकेतल्या साहेबांनी तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, यातला खरा कुठला? दोन महिने गेले त्यात.

तर आधी ओव्हन. आपल्याकडे जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याचा माल कोटिंग करून द्यायला येतं काय, तर गेट, ग्रिल, रेलिंग, पॅनेल बॉक्स, ट्रॅक्टरचे आणि शेती अवजारांचे पार्ट. सगळ्यात लांब जॉब कुठला येणार ते बघा आणि त्याच्या चारी बाजूंनी निदान अर्धा-अर्धा फूट जागा सोडा, कारण गरम हवा फिरली नाही तर एका कोपऱ्यात पावडर जळते आणि दुसऱ्या कोपऱ्यात कच्ची राहते. म्हणजे सात फुटांचं गेट घ्यायचं तर आत आठ फूट लांबी हवीच. आणि एक गोष्ट लोक विसरतात, ओव्हन आठ फुटांचा घेतला आणि धुण्याची टाकी पाच फुटांची असली तर त्या ओव्हनचा उपयोग काय, म्हणून टाकी, बूथ (पावडर मारायची केबिन) आणि ओव्हन तिन्ही एकाच मापाचे धरा.

किलोवॅट कसे काढायचे ते सांगतो, कारण प्रोजेक्ट रिपोर्टवर प्रश्न विचारला तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, सीएला नाही. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर १० ते २० मिनिटांत पक्की होते, पावडरच्या खोक्यावर वेळ आणि तापमान लिहिलेलं असतं आणि ते तापमान धातूचं असतं, हवेचं नाही. समजा एका खेपेला २५० किलो माल आणि १०० किलोची ट्रॉली, म्हणजे ३५० किलो लोखंड, ते ३० अंशांवरून २०० वर न्यायचंय. लोखंडाला किलोमागे एका अंशाला साधारण ०.४९ किलोज्यूल लागतात, म्हणजे ३५० गुणिले १७० गुणिले ०.४९, झाले २९ हजार किलोज्यूल, म्हणजे विजेच्या ८ युनिटच्या आसपास. हे २० मिनिटांत करायचं तर २४ किलोवॅट नुसत्या लोखंडाला गेले, मग भिंती, दारातून जाणारी हवा, एक्झॉस्ट धरून ३६ घ्यावेच लागतात. सप्लायर २४ चा देतो म्हणाला तर तापतो तोही, पण वेळ लागतो आणि दिवसाच्या खेपा कमी होतात, आणि खेपा कमी झाल्या की रिपोर्टमधलं उत्पन्नाचं गणित खोटं पडतं. भिंतीत रॉकवूल (उष्णता रोखणारं अस्तर) निदान १०० मिमी असू द्या, कोटेशनमध्ये जाडी लिहून घ्या, आतला पत्रा कुठला, ब्लोअर किती एचपीचा, पीआयडी कंट्रोलर (तापमान स्थिर ठेवणारा), थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) किती, हेही लिहून घ्या. नुसतं 'पावडर कोटिंग ओव्हन, १ नग' असं एका ओळीचं कोटेशन आणू नका.

वीज की गॅस, हा निर्णय पुढचे अर्ज बदलतो. विजेवर घेतला तर ३६ हीटरचे, वर कॉम्प्रेसर, ब्लोअर, बूथची मोटर मिळून जोडलेला लोड ४३-४४ किलोवॅटपर्यंत जातो, आणि महावितरणच्या लघुदाब औद्योगिक दरात २० किलोवॅटच्या वर वेगळा टप्पा आहे, तिथे डिमांड चार्ज, म्हणजे विजेच्या मागणीवरचा आकार, केव्हीएवर लागतो. तुमच्या डीपीवर तेवढी जागा आहे का हे लाईनमनला नाही, सेक्शन ऑफिसला जाऊन विचारा, नवीन ट्रान्सफॉर्मर लागणार असेल तर तो खर्च आत्ताच कळायला हवा. एलपीजी बर्नर घेतला तर विजेचा लोड २० च्या खाली राहतो, पण पूर्ण आचेवर अशा ओव्हनला तासाला ४ किलोच्या आसपास गॅस लागू शकतो, एकच सिलिंडर जोडला तर तो गारठतो आणि प्रेशर पडतं, म्हणून चार-पाच सिलिंडर मॅनिफोल्डवर (एकत्र जोडणाऱ्या पाइपवर) घ्यावे लागतात. विनापरवाना १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच झाले ९५, भरलेले जास्तीचे बाजूला रचून ठेवलेत तर तेही मोजले जातात. घरगुती लाल सिलिंडर अजिबात नको, बेकायदा आहे आणि जीवावरचं आहे. बर्नरला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर गॅस चालू-बंद करणारा) आणि ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय हवीच, आणि पेटवायच्या आधी ब्लोअरने आतली हवा बाहेर काढायची. हे कोटेशनमध्ये नसेल तर तो ओव्हन घेऊ नका.

आता पात्रता

पीएमईजीपी २००८ पासून आहे. देशपातळीवर खादी आणि ग्रामोद्योग आयोग म्हणजे केव्हीआयसी बघतं, आणि आपल्याकडे अर्ज केव्हीआयसी, राज्याचं खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडे जातो. २०२२ च्या सुधारित नियमांनी उत्पादनासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा २५ वरून ५० लाख केली आणि सेवेसाठी १० वरून २० लाख. ती मंजुरी २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी होती, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर चालू सूचना उघडून वाचा आणि मगच बसा.

वय १८ पूर्ण हवं. उत्पन्नाची अट नाही. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर असेल तर आठवी पास हवं, आणि चांगला ओव्हन, टाक्या, बूथ, कॉम्प्रेसर धरले की १० च्या वर सहज जातंच. कुटुंबातून एकालाच मिळतं, पण इथे कुटुंब म्हणजे नवरा-बायको, त्यामुळे वडिलांनी पूर्वी घेतलं म्हणून मुलाचा अर्ज अडत नाही. अर्ज व्यक्तीच्या नावाने करायचा, भागीदारी फर्म किंवा प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाने नाही.

आणि सगळ्यात मोठी अट, युनिट नवीन हवं. चालू युनिटला दुसरा ओव्हन घ्यायला ही सबसिडी नाही. बरेच जण उत्साहात आधी ओव्हन आणतात, जॉब सुरू करतात आणि मग अर्ज करायला येतात, तिथेच संपतं. ज्यांनी आधी पीएमईजीपी किंवा मुद्रा कर्ज घेऊन ते फेडलंय आणि धंदा नफ्यात आहे, त्यांना वाढीसाठी दुसरं कर्ज आहे, उत्पादनाला १ कोटीपर्यंत, सबसिडी १५ टक्के. पीएमईजीपीवाल्यांची पहिली सबसिडी मात्र आधी जमा झालेली हवी.

पैशाचं गणित उदाहरणाने सांगतो. समजा प्रकल्प १८ लाखांचा. ओबीसी मुलगा, युनिट ग्रामपंचायत हद्दीत, तर सबसिडी ३५ टक्के म्हणजे ६ लाख ३० हजार, स्वतःचे ५ टक्के म्हणजे ९० हजार. तोच प्रकल्प शहरात आणि अर्जदार खुल्या प्रवर्गातला पुरुष, तर सबसिडी १५ टक्के म्हणजे २ लाख ७० हजार आणि स्वतःचे १० टक्के, १ लाख ८० हजार. मधले दोन म्हणजे खुला प्रवर्ग ग्रामीणमध्ये २५, विशेष प्रवर्ग शहरात २५. विशेष प्रवर्गात एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, सगळ्या महिला, माजी सैनिक, दिव्यांग, तृतीयपंथी येतात, आणि आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेले) जिल्हेही येतात, आपल्याकडचे गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव. पंचायत राजच्या हद्दीत ते ग्रामीण, नगरपालिकेच्या हद्दीत ते शहरी, त्यामुळे शेड कुठे घेता यावर लाखाचा फरक पडतो, भाडेकरार करायच्या आधी हद्द विचारून घ्या.

जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. शेडचा खर्च किंवा भाडं धरता येतं, पण जास्तीत जास्त तीन वर्षांचं.

कागद

अर्ज केव्हीआयसीच्या पोर्टलवर ऑनलाईन, फी शून्य. केव्हीआयसीने कुठलाही एजंट नेमलेला नाही, मंजूर करून देतो म्हणून टक्केवारी मागणारा माणूस दारातूनच परत पाठवा. लागतं काय, तर आधार, पॅन, फोटो, शिक्षणाचा दाखला, जातीचा किंवा विशेष प्रवर्गाचा दाखला, ग्रामीण भागाचा दाखला आणि प्रोजेक्ट रिपोर्ट. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळू द्या, लग्नानंतर आडनाव बदललेल्या ताईंनी हे आधी दुरुस्त करून घ्या. बँकेत गेल्यावर वर कोटेशनं, नोंदणी केलेला भाडेकरार किंवा सातबारा-८अ, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, बँक स्टेटमेंट मागतात. तारणाचा विषय निघाला तर सीजीटीएमएसईच्या, म्हणजे छोट्या उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या हमीबद्दल स्वतःहून विचारा.

रिपोर्टमध्ये उद्योगाचा एनआयसी कोड, म्हणजे सरकारी उद्योग वर्गीकरणातला क्रमांक येतो, इथे लक्ष द्या. पावडर कोटिंग म्हणजे धातूवर प्रक्रिया आणि लेपन, कोड २५९२०, आणि हा उत्पादन विभागात येतो. दुसऱ्याचा माल घेऊन जॉबवर्क करतो म्हणून कोणी तुम्हाला सेवा टिकमार्क करायला सांगितलं तर मर्यादा ५० वरून २० लाखांवर येते, म्हणून कोड दाखवून शांतपणे बोला. गंमत म्हणजे जीएसटीमध्ये हेच काम सेवा धरतात, दुसऱ्याच्या मालावरची प्रक्रिया म्हणजे सेवा, त्यामुळे नोंदणीची मर्यादा ४० नाही तर २० लाख उलाढाल. दोन्ही बरोबर आहे, कायदे वेगळे आहेत. उद्यम नोंदणीतही (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) हाच २५९२० टाका, तीही फुकट आहे, आणि सुरू झाल्याची तारीख खरी टाका, मागची टाकलीत तर नवीन युनिटवर शंका येते.

प्रदूषण मंडळ

हे सगळ्यात शेवटी बघू म्हणणारे फसतात. २०१६ च्या वर्गीकरणात नुसतं स्प्रे पेंटिंग आणि पेंट बेकिंग ऑरेंज म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या श्रेणीत होतं, पण फॉस्फेटिंग (धातूवर फॉस्फेटचा थर देणं) किंवा पिकलिंग (आम्लाने गंज काढणं) असेल तर थेट लाल, म्हणजे जास्त प्रदूषणाची श्रेणी. आणि आपल्याकडे सेव्हन टँक प्रोसेस म्हणजे सात टाक्यांत डीग्रीसिंग (तेल काढणं), डीरस्टिंग (गंज काढणं), फॉस्फेटिंग हे असतंच, त्याशिवाय कोटिंग धरत नाही. म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया लागणार, आणि टाकीच्या तळाशी बसणारा फॉस्फेटचा गाळ हा २०१६ च्या घातक कचरा नियमांमध्ये नावानिशी आहे, तो नाल्यात किंवा शेताच्या बांधावर टाकायचा नाही, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्राकडेच द्यायचा आणि पावत्या ठेवायच्या. आधी स्थापनेची संमती, मग चालवायची संमती, दोन्ही एमपीसीबीच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर. फी भांडवली गुंतवणुकीवर असते आणि सीएचा दाखला लागतो, तो आकडा आणि प्रोजेक्ट रिपोर्टचा आकडा जुळायला हवा. हा पाणी शुद्ध करण्याचा खर्च प्रकल्पातच धरा, नंतर खिशातून जातो. शेजारी विहीर असलेली शेतकरी मंडळी असतात, त्यांचं पाणी आपल्या आम्लाने खराब झालं तर कुठलीही सबसिडी ते भरून देत नाही.

मंजुरीनंतर

बँकेने मंजूर केलं की उद्योजकता प्रशिक्षण, ५ लाखांच्या वरच्या प्रकल्पाला १० दिवसांचं, ऑनलाईनही होतं. आपला हिस्सा भरायचा, मग बँक पैसे सोडते, शक्यतो थेट ओव्हनवाल्याच्या खात्यात. ओव्हन उतरवून घेताना कोटेशन हातात धरा, टेप लावून आतलं माप घ्या, हीटरच्या प्लेटवरचे किलोवॅट वाचा, रिकामा ओव्हन २०० वर नेऊन चारी कोपऱ्यांत तापमान मोजायला लावा आणि मगच सही करा.

सबसिडी हातात येत नाही. ती तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून बँकेत राहते, त्या रकमेएवढ्या कर्जावर व्याज लागत नाही आणि ठेवीवर व्याज मिळतही नाही. मधल्या काळात युनिटची प्रत्यक्ष तपासणी होते, तेव्हा ओव्हन जागेवर, चालू आणि बिलावरचाच हवा. पीएमईजीपीचा बोर्ड दर्शनी भागात लावा. हप्ते नियमित असले तर तीन वर्षांनी ती रक्कम कर्जात वळती होते, ती झाल्यावर बँकेकडून तसं लेखी घ्या, कारण पुढे दुसऱ्या कर्जाला गेलात की पहिला कागद तोच मागतात.