पार्श्वभूमी : टॉम अँड जेरीच्या संगीताचे कागद कुठे गेले?

1928 मध्ये बोलक्या कार्टूनची चटक लागली आणि चित्राला स्वर फ्रेमनुसार जुळवायची धडपड सुरू झाली. 1940 ते 1958 दरम्यानच्या टॉम अँड जेरीच्या 114 लघुपटांनी ती पार टोकाला नेली. सेकंदाला 24 फ्रेम. बारा फ्रेमना एक ठोका धरला तर मिनिटाला 120 ठोके, आठ फ्रेमना धरला तर 180. हा ठोका वादकांच्या कानात हेडफोनमधून वाजायचा. संवाद जवळपास नाहीतच, म्हणून निम्मी गोष्ट वाद्यवृंदच सांगायचा. 1944 च्या एका लघुपटात जेरी कुत्र्याचं मुंडकं घालून हिंडतो, तिथे संगीतकाराने चक्क बारास्वरी पद्धत वापरली आहे, म्हणजे सप्तकातले बाराही स्वर सारख्याच मानाने, ठरावीक क्रमात वापरायची, कानाला विचित्र वाटणारी आधुनिक रचना. मैफलीत अशा संगीताला नाकं मुरडणारे लोक इथे पोट धरून हसत होते.

आणि या संगीताचे कागद, म्हणजे वादकांसाठी लिहिलेली स्वरलिपी? 1970 च्या आसपास, मालकी बदलल्यावर, हे लघुपट काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओने आपल्या संगीत विभागातले गठ्ठेच्या गठ्ठे कचरा-भरावात टाकून दिले. त्यात फक्त कार्टूनचं नव्हे, मोठमोठ्या संगीतपटांचंही लेखन होतं. त्या काळचा हिशोब सरळ होता: चित्रपट हातात आहे, त्यावर आवाज आहे, मग कागदांना जागा कशाला अडवायची? पण अंतिम ध्वनिपट्टीवर व्हायोलिन, किंकाळी आणि फुटलेली कपबशी एकाच पट्टीत मिसळलेली असते. त्यातून संगीत वेगळं काढणं म्हणजे शिजलेल्या भाजीतून फोडणी परत काढणं. काटकसर म्हणून या निर्णयाची पाठराखण करता येते, मला ती पटत नाही. गठ्ठे एखाद्या विद्यापीठाला फुकटही देता आले असते.

पुढे 1978 मध्ये अमेरिकेत रोचेस्टरजवळ नायट्रेट फिल्मच्या (सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या) साठ्याला आग लागली आणि 1951 पूर्वीच्या टॉम अँड जेरीच्या बहुतेक मूळ निगेटिव्हही गेल्या. त्यापैकी आज आपण पाहतो ते नंतरच्या प्रतींवरून काढलेलं. 1950 च्या दशकातल्या काही ध्वनिमुद्रणांच्या चुंबकीय फिती मात्र टिकल्या, त्यांची सीडी 2006 मध्ये निघाली. आधीच्या दशकासाठी कानांवरच भिस्त.

2013 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पूर्ण वाद्यवृंदाने हे संगीत वाजवलं, तेव्हा त्याचं लेखन लघुपट पुन्हापुन्हा ऐकून नव्याने करावं लागलं होतं. कपबशी फुटण्याचा आवाज संगीतात धरायचा की नाही, हा प्रश्न तिथे निकालात निघाला: तालवाद्यवाल्यांनी मंचावरच भांडी फोडली.