दक्षिण गुजरातचा किनारा : बडोद्याहून बारमाही सहल

नवसारी आणि वलसाड जिल्ह्यांतला, उभराट-दांडीपासून वलसाडजवळच्या तिथल गावावरून खाली उमरगामपर्यंतचा अरबी समुद्राचा किनारा. बडोद्यातली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या इथे सहलीला जातात, आणि एकाच ऋतूत नाही तर वर्षभर.

तसा बडोद्याला समुद्र याहून जवळ आहे. जंबुसर तालुक्यात कावी-कंबोईला खंभातच्या आखाताकाठी स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ आहे. भरतीला पिंड पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा दर्शन होते. पण तो किनारा चिखलाचा. पोरांना वाळूत मोकळे सोडायचे तर नर्मदा आणि तापी ओलांडायला हवी. बडोदे ते वलसाड रेल्वेने सुमारे २०० किमी. मुंबईचाच मार्ग असल्याने गाड्यांना तोटा नाही. वलसाड स्टेशनवर उतरले की तिथल चार-पाच किलोमीटर.

या मुलखाशी बडोद्याचे नाते जुने आहे. नवसारी हा बडोदे संस्थानाचाच प्रांत होता. गणदेवी, बिलिमोरा, व्यारा ही गावे त्यातलीच, आणि पिलाजीराव गायकवाडांचे मूळ ठाणे असलेला सोनगडचा किल्लाही. बिलिमोरा ते वघई ही ६३ किमीची छोटी रेल्वे गायकवाड सरकारनेच घातली. तिथल आणि दांडी मात्र इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यात होती.

किनाऱ्याची हवा सौम्य का, याचे कारण साधे आहे. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते. दुपारी जमीन तापून हवा वर गेली की तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. म्हणून मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तिथलला तो बहुधा पस्तिशीच्या आत असतो. घाम येतो, कपडे अंगाला चिकटतात, हे खरे. पण दांडिया बाजारातल्या घराच्या भिंती रात्री अकरालाही गरम लागतात, त्या दिवसांत संध्याकाळी सहाला तोंडावर येणारा खारा वारा काय चीज आहे, हे बडोदेकरालाच विचारावे. हिवाळ्यातच किनाऱ्याला जावे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते खरी गरज उन्हाळ्यात असते, आणि वलसाडी हापूसही तेव्हाच पिकतो.

तिथलची वाळू काळी आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजवत औरंगा, पार या नद्या समुद्राला मिळतात. त्याचीच ही भुकटी. कोकणची पांढरी वाळू पाहिलेल्यांचा पहिल्यांदा हिरमोड होतो, पाणीही गढूळ दिसते. पण ओलसर काळ्या वाळूवर मावळतीचा उजेड पडला की सगळा किनारा तांब्याच्या परातीसारखा लकाकतो. भर दुपारी मात्र अनवाणी चालू नये, पाय पोळतात. भरती-ओहोटीतला फरक इथे मोठा आहे: सकाळी पायऱ्यांशी असलेले पाणी दुपारी दूर गेलेले दिसते. निघण्यापूर्वी तिथी आणि भरतीची वेळ पाहून घ्यावी.

जूनच्या मध्यावर पाऊस लागतो, आणि वलसाडला तो बडोद्याच्या दुपटीने पडतो. तेव्हा पाण्यात उतरणे जिवावरचे. काठावर उभे राहून लाटा पाहाव्यात. पावसाळ्याचा खरा आनंद थोडा आत, वघईच्या बाजूला, डांगच्या सागवानी जंगलात आणि गिरा धबधब्यापाशी आहे. पाऊस ओसरल्यावरचा आश्विन उकाड्याचा, तेव्हा गर्दी कमी.

दांडीला कोणत्याही ऋतूत जावे. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेली पदयात्रा ५ एप्रिलला इथे पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गांधीजींनी मीठ उचलले. २०१९ पासून इथे राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक आहे.

हिवाळ्यात बडोद्याची पहाट बोचरी असते, किनाऱ्यावर मात्र शाल पुरते. अमलसाडचे चिकू बाजारात येतात. आणि हमरस्त्याच्या कडेला उंबाडियुंची, म्हणजे मडक्यात शिजवलेल्या शेंगा-कंदांची, मडकी लागतात. वालपापडी, रताळी, कंद, बटाटे यांना हिरवी मिरची, आले, लसूण आणि ओव्याचा मसाला चोळायचा. मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी कलारचा पाला गच्च दाबायचा, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाणी घालायचेच नाही; शेंगांच्या स्वतःच्या ओलाव्यावर सगळे शिजते. रायगडच्या पोपटीची ही सख्खी बहीणच, फक्त तिथे पाला भांबुर्ड्याचा असतो. मडके फोडत नाहीत. पाला ओढून काढला की आत कोंडलेली वाफ ओव्याचा वास घेऊन एकदम बाहेर येते. वजनावर मोजून, हिरव्या चटणीबरोबर आणि ताकाच्या पेल्याबरोबर ते तिथेच उभ्याने खायचे. डब्यात भरून घरच्यांसाठी आणले तर भरूच येईपर्यंत शेंगा गार पडलेल्या असतात, धुराचा वास मात्र बडोद्यापर्यंत टिकतो.