व्हिसेऱ्याच्या आधीचं रक्त

'व्हिसेरा (मृताच्या पोटातले अवयव) राखून ठेवला आहे.' विषारी दारूच्या बातमीतलं हे वाक्य सांगली-मिरजेकडच्या वाचकाला पाठ आहे. अशा दारूतलं विष म्हणजे मिथेनॉल; ते ओळखण्याची विद्याही बराच काळ मेलेल्यांसाठीच होती. मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करायचं, त्यात क्रोमोट्रॉपिक ॲसिड घालायचं. जांभळा रंग आला की पुरावा तयार. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांची गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वाफेतले घटक वेगळे करण्याची पद्धत, आली आणि पुढे मिथेनॉल नि इथेनॉल (नेहमीच्या दारूतलं अल्कोहोल) वेगवेगळे मोजता येऊ लागले. पण ते यंत्र फॉरेन्सिक प्रयोगशाळेत. रात्री कॅज्युअल्टीत आलेल्या जतच्या शेतमजुराला त्याचा काय उपयोग?

जिवंत रुग्णाबद्दलचा मोठा धडा १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाने दिला. मिथेनॉलच्या दारूने ३२३ जणांना बाधा झाली, ४१ दगावले. पिऊन कित्येक तास माणूस ठीक दिसतो, मग डोळ्यांपुढे धुकं येतं आणि रक्तात ॲसिड चढतं, हे तिथे ठळकपणे नोंदलं गेलं. ते ॲसिड म्हणजे यकृतात तयार होणारं फॉर्मिक ॲसिड, हे सत्तरच्या दशकात माकडांवरच्या प्रयोगांतून पक्कं झालं.

त्याच दशकात डॉक्टरांच्या हाती एक साधी वजाबाकी रुळली: रक्तात विरघळलेल्या कणांच्या मोजलेल्या आकड्यातून हिशेबाने आलेला आकडा वजा करायचा. समजा सोडियम १४०, साखर ९०, युरिया ३०. सोडियमची दुप्पट २८०, साखरेचे १८ ने भागून ५, युरियाचे ६ ने भागून ५, एकूण २९०. हे कण मोजणारा ऑस्मोमीटर रक्त गोठवून ३२५ दाखवतो. मग वरचे ३५ कुणाचे? मिथेनॉलचे असू शकतात. पण हातभट्टी प्यायलेल्याच्या रक्तात इथेनॉलही असतंच, त्याचा वाटा आधी वजा करावा लागतो. आणि रुग्ण उशिरा आला तर मिथेनॉलचं ॲसिड होऊन गेलेलं असतं: या वजाबाकीचा आकडा गुमान नॉर्मल, वाढलेला असतो तो ॲनायन गॅप, म्हणजे रक्तातल्या जादा ॲसिडची चाहूल देणारा दुसरा हिशेब. एकाच आकड्यावर विसंबलेला इथे हमखास फसतो.

२०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तेव्हा फोमेपिझोल हा उतारा अमेरिकेत मान्य होऊन बरीच वर्षं झाली होती. आपल्याकडे भरवसा मुख्यतः इथेनॉल (ते मिथेनॉलचं ॲसिड होणं रोखतं) आणि डायलिसिसवर. हे सुरू करायला रिपोर्टची वाट पाहायची नसते. रक्त मात्र त्याआधी घ्यायचं, स्पिरिटचा बोळा न लावता, फ्लुओराइडच्या नळीत काठोकाठ, बूच घट्ट. मिथेनॉल उडून जातं.