अंधारानुकूलन

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्याची प्रकाशसंवेदनक्षमता क्रमाक्रमाने वाढत जाण्याची क्रिया. बाहुली काही सेकंदांतच रुंदावते, परंतु तिचा व्यास सुमारे २ मिमी. वरून ८ मिमी. झाला तरी आत येणारा प्रकाश फार तर सोळापट होतो. संवेदनक्षमता मात्र काही लाख पटींनी वाढते. ही वाढ मुख्यतः जालपटलात (डोळ्याच्या मागील प्रकाशसंवेदी पडद्यात) घडते.

प्रखर उजेडानंतर रंग ओळखणाऱ्या शंकुकोशिका साधारण ८–१० मिनिटांत आपली मर्यादा गाठतात. त्यानंतर मंद प्रकाशात पाहण्यास उपयोगी पडणाऱ्या शलाकाकोशिका वरचढ ठरतात आणि त्यांची क्षमता ३०–४० मिनिटांपर्यंत वाढत राहते. त्यामुळे अनुकूलनाच्या आलेखात स्पष्ट मोड दिसतो. पीतबिंदूच्या (जालपटलाच्या मध्याजवळील, सर्वांत स्पष्ट दृष्टीच्या भागाच्या) मध्यखळग्यात शलाका नसतात, म्हणून अंधुक तारा सरळ रोखून पाहिल्यास नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला वळवली की दिसतो. शलाका लांब तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाला फारशी दाद देत नाहीत. आकाशनिरीक्षक मंद तांबडा दिवा वापरतात तो याच कारणाने.

डोळ्याच्या संदर्भात ‘अनुकूलन’ ही संज्ञा हेर्मान ऑबर्ट यांनी १८६५ च्या सुमारास रूढ केली, असे सामान्यतः मानतात. शलाकांतील ऱ्होडोप्सीन या प्रकाश शोषणाऱ्या रंगद्रव्याच्या शोधाचे श्रेय फ्रान्ट्स बोल (१८७६) यांना दिले जाते. हाइन्‍रिख म्यूलर यांना हा तांबूस रंग १८५१ मध्येच दिसला होता, पण तो त्यांनी रक्ताचा मानला. प्रकाशाने रंग उडतो व अंधारात परततो, हे बोल यांनी ओळखले. त्यामुळे श्रेय त्यांच्याकडे जाणे योग्यच आहे.

रंगद्रव्य जितके भरून येईल तितकी संवेदनक्षमता वाढते, अशी सरळ मांडणी सेलिग हेक्ट यांच्या प्रकाशरासायनिक उपपत्तीत होती. ती पुढे टिकली नाही. शंकूंचे कार्य नसलेल्या एका व्यक्तीच्या डोळ्यातील ऱ्होडोप्सीन डब्ल्यू. ए. एच. रश्टन यांनी प्रत्यक्ष मोजले (१९६१). सुमारे दहा टक्के रंगद्रव्य भरून यायचे राहिले, तरी जेमतेम जाणवणारा प्रकाश पूर्ण अनुकूलित डोळ्याच्या मानाने शंभरपटीच्या घरात लागतो, असे त्यांच्या मापनांतून निघते. एवढा मोठा परिणाम केवळ कमी प्रकाश शोषला गेल्याने होणे शक्य नाही. रंग उडाल्यावर उरलेले ऱ्होडोप्सीनमधील मोकळे ऑप्सिन प्रथिन मंद प्रकाशासारखेच कोशिकेला सतत चेतवत राहते, हे लॅम व प्यू (२००४) यांचे स्पष्टीकरण अधिक समाधानकारक वाटते. डोळ्यात जणू एक ‘समतुल्य पार्श्वप्रकाश’ शिल्लक राहतो, ही कल्पना स्टाइल्स व क्रॉफर्ड यांनी १९३२ मध्येच मांडली होती.

ऱ्होडोप्सीन पुन्हा तयार होण्यास अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनल लागते. हे जीवनसत्त्व जालपटलात असते, हे जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवले. त्याची तीव्र उणीव झाल्यास रातांधळेपणा येतो. सुश्रुतसंहितेत ‘नक्तांध्य’ विकारावर बोकडाचे यकृत सांगितले आहे. यकृतात अ जीवनसत्त्वाचा भरपूर साठा असतो. संहितेचा काळ मात्र वादग्रस्त आहे. उतारवयात अंधारानुकूलन मंदावते.