पावसाची बेरीज आणि पावसाच्या तारखा

गोव्यात आणि दुष्काळ? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या राज्यात असं काही बोललं की लोक हसतात. जून ते सप्टेंबरची बेरीज सरासरीहून 19 टक्के कमी भरली तरी हवामान खात्याच्या लेखी पाऊस 'सामान्य'च. पण बेरजेला तारखा कळत नाहीत. 2023 च्या जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळापायी मान्सून रेंगाळला, मग जुलैत धो धो कोसळला. भाताचा तरवा (रोपं) टाकून आभाळाकडे बघत बसलेल्या शेतकऱ्याचे ते दिवस हंगामाच्या बेरजेत कुठे सापडणार?

तारखांचा हिशेब ठेवणारा, दुष्काळ मोजणारा एक निर्देशांक ब्युन आणि विल्हाइट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडला. त्याला लागते फक्त रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकात मोजलेल्या पावसाची नोंद. कालच्या एका दिवसाची सरासरी काढा, मग मागच्या दोन दिवसांची, तीन दिवसांची, अशी थेट 365 दिवसांपर्यंत. आणि या सगळ्या सरासऱ्यांची बेरीज करा. गंमत इथेच आहे. कालचा पाऊस प्रत्येक सरासरीत येतो, म्हणून त्याचं वजन (1 + 1/2 + 1/3 अशी 1/365 पर्यंतची बेरीज) 6.48. तीस दिवसांपूर्वीचा पहिल्या 29 सरासऱ्यांत नसतोच. त्याचं वजन 2.52. शंभर दिवसांपूर्वीच्याचं जेमतेम 1.3. म्हणजे महिन्यात 300 मिलिमीटर पाऊस तीस दिवसांपूर्वी एकाच दिवशी पडला असेल तर उत्तर येतं 755. तोच रोज दहा-दहा मिलिमीटर पडला असेल तर 1045. पाणी तेवढंच, पण पहिल्या खेपेतलं बरंचसं मांडवी-झुआरीतून केव्हाच समुद्राला मिळालेलं!

आता हे उत्तर त्याच तारखेच्या निदान तीस वर्षांच्या सरासरीतून वजा करून... नव्हे, उलट: उत्तरातून ती सरासरी वजा करायची आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने (एरवी दरवर्षी किती चढउतार होतो त्याच्या मापाने) भागायचं. उणे 1 च्या खाली गेलं की कोरड, उणे 2 च्या खाली अतितीव्र दुष्काळ. (नक्षत्राचं वाहन बेडूक की गाढव यावरून पाऊस सांगणाऱ्यांना असं पडताळणीला उभं राहावं लागत नाही.)

या भागाकारामुळे वाळपईची तुलना पणजीशी होत नाही, वाळपईच्याच जुन्या नोंदींशी होते. मात्र जांभ्या जमिनीत पाणी किती टिकतं किंवा साळावलीच्या धरणात किती उरलंय, हे पर्जन्यमापकाला दिसत नाही. त्यासाठी विहिरींची आणि धरणाची पातळी वेगळी मोजावी लागते.